साडेसातशे प्रती

परवा शनिवारी जुनी हार्ड डिस्क साफ करायला बसलो होतो. (वर्षातून एकदा मला हे खूळ येतं.) त्यात 'ब्रॉडकास्ट' नावाचा फोल्डर सापडला आणि साफसफाई तिथंच थांबली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा बँड ऐकला नसेल. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, १९९५ सालचा. ट्रिश कीनन गायची, जेम्स कार्गिल बास वाजवायचा. बाकीचे आले नि गेले, शेवटी हे दोघंच उरले. यांच्या संगीताला रेट्रो-फ्युचरिस्टिक म्हणतात. म्हणजे काय, तर १९६० च्या दशकातल्या लोकांना जसं भविष्य दिसत होतं, तसं. बीबीसीत १९५८ पासून रेडिओफोनिक वर्कशॉप नावाचा एक विभाग होता. सिंथेसायझर बाजारात यायच्या आधी तिथली मंडळी टेप ब्लेडनं कापून, तुकडे चिकटवून नवे आवाज तयार करायची. १९६३ साली डेलिया डर्बीशरनं 'डॉक्टर हू'चं शीर्षकसंगीत असंच घडवलं. कॉपी-पेस्टच, पण खरोखरच्या कात्रीचं! ब्रॉडकास्टचं सगळं वेड तिथलं. त्यावर ट्रिशचा आवाज कसा, तर जराही नाटकीपणा नाही. पेंगुळलेल्या पोराला कुणी हळू आवाजात गोष्ट सांगावी ना, तसा.

तर, २००९ साली त्यांनी 'मदर इज द मिल्की वे' नावाचा एक छोटा अल्बम काढला. विसेक मिनिटांचा. सीडीच्या फक्त ७५० प्रती, आणि त्याही दुकानात नाही, दौऱ्यावर कार्यक्रमाला येणाऱ्यांसाठी. धड गाणीही नाहीत त्यात. मध्येच पक्षी, मध्येच बडबडगीतासारखं काहीतरी, एक सूर लागतो न लागतो तोच दुसरा. मला एरवी लिमिटेड एडिशन या प्रकाराचा राग येतो. मुद्दाम टंचाई करायची आणि भाव चढवायचा. पण इथं तसं नव्हतं. वहीतली पानं फाडून मित्रांना द्यावीत, तसं हे होतं.

आमच्यापर्यंत आल्या त्या अर्थात चोरीच्या एमपीथ्री. ऑनसाइटहून आलेल्या एका मित्राच्या पेनड्राइव्हवरून. २००९ म्हणजे आम्ही पुणेकर तोंडाला रुमाल बांधून हिंडत होतो ते वर्ष. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यातच गेला होता. पुढं भीती ओसरली, रुमाल कपाटात गेले.

डिसेंबर २०१० मध्ये ब्रॉडकास्ट ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होते. तिथं ट्रिशला तोच फ्लू झाला, एच१एन१. मग न्यूमोनिया. १४ जानेवारी २०११ ला ती गेली. वय ४२.

बातमी मी ऑफिसात बसून वाचली आणि हेडफोन काढून ठेवले. नवा अल्बम अर्धवट राहिला होता. त्या ७५० सीडींचा अर्थ एका दिवसात बदलला. जुन्या बाजारात त्यांचे भाव चढले. ज्यांना ते परवडत नव्हते, त्यांच्यापर्यंत हे संगीत पोचलं ते माझ्या फोल्डरसारख्या फोल्डरांतून. चोरीचं समर्थन करत नाहीये, पण आमच्या धंद्यात बॅकअप नसणं हे पाप, आणि इथं बॅकअप घेतला तो अनोळखी लोकांनी. असो.

मार्च २०२२ मध्ये वॉर्प या त्यांच्या कंपनीनं तो रीतसर पुन्हा काढला. मी पहिल्याच आठवड्यात घेतला. पाठोपाठ २०२४ मध्ये ट्रिशच्या फोर-ट्रॅक टेपा आणि मिनीडिस्कवरचे कच्चे तुकडे आले: 'स्पेल ब्लँकेट', ३६ तुकडे, त्या अपुऱ्या अल्बमच्या तयारीतले. काही तर नुसतं गुणगुणणं. ते मला अजून सलग ऐकवत नाहीत.

नवी आवृत्ती ऐकताना एक गंमत कळली. माझ्या जुन्या तिसऱ्या फाइलमध्ये एक बारीक 'टिक' आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, ती यांचीच काहीतरी प्रयोगशील करामत. नव्या प्रतीत ती नाही. कुणाच्या तरी सीडीवरचा ओरखडा असणार. फोल्डर डिलीट केला नाही, नव्या डिस्कवर कॉपी केला.