शिवडी ते लागोस : सुट्या भागांचा प्रवास

मांजरसुंब्याहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटच्या डोंगररांगेत बीड जिल्ह्यातले पाटोदा वसले आहे. (वाळूजजवळचे, स्वच्छतेसाठी गाजलेले पाटोदा ते निराळे.) ऊसतोडणीच्या हंगामात निम्मीअधिक घरे कुलूपबंद होणाऱ्या या टापूत मोटारसायकल ही चैन नव्हे. दुधाचे कॅन, खताची गोणी, दवाखान्याची वाट, सारा भार तिच्यावर. आफ्रिकेतही हेच चित्र दिसते. नायजेरियात तिला 'ओकाडा' म्हणतात, केनिया-युगांडात 'बोडा-बोडा', आणि तिच्यावर बजाजची 'बॉक्सर' सर्रास आढळते. या गाड्या भारतातून अनेकदा जातात त्या पेट्यांत बांधलेल्या सुट्या भागांच्या रूपात.

त्यामागचा हिशेब सरळ आहे. तयार गाडीवर आयातकर अधिक, सुट्या भागांवर कमी. त्यातून एका कंटेनरमध्ये तयार गाड्यांपेक्षा कितीतरी अधिक खोकी मावतात. चाके बसवणे, हँडल जुळवणे, तारा जोडणे, तेल भरणे एवढे काम ग्राहकाच्या देशात होते आणि तिथल्या सरकारला 'स्थानिक उद्योग' दाखवता येतो.

एकेकाळी याच व्यवहारात भारत दुसऱ्या टोकाला उभा होता. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. भाग परदेशातून यायचे, मुंबईचे कामगार ते जोडायचे. फोर्डनेही भारतात तोच मार्ग धरला होता. गाडी 'मुंबईत तयार' झाली तरी तिचे ज्ञान मात्र अमेरिकेतच राहिले.

स्वातंत्र्यानंतर नेमका हाच मुद्दा ऐरणीवर आला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने भूमिका घेतली, की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने सर्व भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम नाही, अशा केवळ जुळणी करणाऱ्यांनी तीन वर्षांत आवरते घ्यावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. हा निर्णय कठोर होता, पण त्याच्याविना पुढचे घडले नसते असे मानायला जागा आहे.

दुचाकींच्या क्षेत्रात याच सुमारास मुंबईच्या 'ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया'ने इटलीच्या लँब्रेटा स्कूटर्स हाती घेतल्या. दुसरीकडे, १९४५ मध्ये स्थापन झालेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून आयात दुचाकी-तीनचाकी विकत होती. म्हणजे मूळचा धंदा व्यापाऱ्याचा. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला, १९६० मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले आणि पियाजिओच्या सहकार्याने व्हेस्पा पुण्याजवळ बनू लागली. १९७१ मध्ये तो करार संपला. सरकारने त्याला मुदतवाढ दिली नाही. पुढच्याच वर्षी 'चेतक' आली. परवाना राजवटीने उत्पादनावर मर्यादा घातली होती, त्यामुळे नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांची संख्या मोठी होती. लग्नात हुंड्यात 'चेतक' मागण्याची कुप्रथाही त्याच टंचाईच्या काळातली.

५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना सुरू झाला. मराठवाड्यातल्या, बीडसकट, कित्येक घरांना उसाच्या फडाव्यतिरिक्त रोजगाराची एक वाट दिसली. आयटीआय झालेल्या पोराला 'वाळूजला लागला' म्हणणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

भारताने स्वतःच्या दारावरची करभिंत मात्र ठेवलीच. हार्ले-डेव्हिडसनने २०११ मध्ये हरियाणात बावल येथे सुट्या भागांची जुळणी सुरू केली, ती याच भिंतीला वळसा घालण्यासाठी. फेब्रुवारी २०१८ मध्ये तयार मोटारसायकलींवरचा कर ५० टक्क्यांवर आणला गेला, तरी अमेरिकी अध्यक्ष ट्रम्प यांचे समाधान झाले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये युरोपीय संघाने अमेरिकी मोटारसायकलींवरचा कर ६ वरून ३१ टक्क्यांवर नेला आणि हार्लेने युरोपसाठीच्या गाड्या अमेरिकेबाहेर बनवण्याचे जाहीर केले. करामुळे कारखाने देशात येतात, तसेच देशाबाहेरही जातात.

आता नायजेरियाचे सरकार गुंतवणूकदारांकडे तेच मागते, जे दिल्लीने १९५३ मध्ये मागितले होते. शिवाय जुळणी तिथे होत असली तरी भागांचे पैसे डॉलरमध्येच चुकवावे लागतात. जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायराचा विनिमयदर मोकळा सोडला, चलन कोसळले आणि त्या देशात जाणाऱ्या बजाजच्या गाड्यांची संख्या घसरली.