तेल्यांच्या हाती ठेवलेला पैसा

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, इसवी सनाच्या ३ऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्याच त्रिरश्मी डोंगरावरच्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी रक्कम ठेवली, ती कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे. तिचा एक भाग तीळ गाळणाऱ्या तेल्यांच्या श्रेणीकडे होता. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून औषध आणायचे, अशी ही अक्षय ठेव. याउलट मनुस्मृती एक घाणा दहा खाटीकखान्यांच्या बरोबरीचा धरते आणि तेल्याचे दान घेऊ नये असे ब्राह्मणाला बजावते. तेल्याची समाजातली पत मोजायला लोक ग्रंथातले हे वचन पुढे करतात. मला नाशिकचा दगड जास्त विश्वासाचा वाटतो, कारण पैसा हवाली करताना माणूस नीट पारखून घेतो.

ही पत कामातूनच आली असावी. घाण्याच्या उखळात तीळ पडले, बैल फिरू लागला, लाट घासू लागली, मधूनमधून पाण्याचा शिपका बसला की हळूहळू तेल सुटते आणि खाली पेंड उरते. तेल दिव्याला, स्वयंपाकाला, अंगाला लागते. पेंड गुरांना जाते. असे बारमाही गिऱ्हाईक असलेल्या धंद्याला व्याज चुकते करणे जड जात नाही. भिक्षूंना जातीपातीचे सोवळे नव्हते, म्हणून हा दाखला चालत नाही, असे कोणी म्हणेल. मग आजच्या उत्तर प्रदेशातल्या, बुलंदशहर जिल्ह्यातल्या इंदोरचा ४६५ सालचा ताम्रपट पाहावा. गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या राज्यात देवविष्णू या ब्राह्मणाने सूर्यमंदिराच्या दिव्यासाठी ठेव ठेवली, तीही तेल्यांच्याच श्रेणीकडे. मनूने मनाई केली ती दान घेण्याला, ठेव ठेवण्याला नव्हे, हे खरे. पण घाण्याचे पाप खरोखर एवढे मोठे मानले जात असते, तर त्याच घाण्याचे तेल रोज देवापुढे जळले नसते. तेव्हाची श्रेणी म्हणजे पुढची तेली जात नव्हे, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. या लेखांवरून कोणाची वंशावळ काढता येणार नाही. कळते ते धंद्याबद्दल. श्रेणी गाव सोडून गेली तरी तिची एकजूट टिकेल तोवर तिने रोजचे तेल पुरवायचे, अशी अट त्या ताम्रपटात कोरलेली आहे. देवविष्णूचा भरवसा गावातल्या घाण्यांपेक्षा ते चालवणाऱ्यांच्या एकीवर होता.