आजीचं मीठ

गेल्या वर्षी अकोल्याला आजीसाठी मी ऑनलाइन ‘लो सोडियम’ मीठ मागवलं. तिला बीपी आहे, किडन्याही थकल्यात. “कडसर लागतंय रे,” ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. महिन्याभरानं रक्तात पोटॅशियम निघालं ६.१, ते साधारण ३.५ ते ५ हवं. डॉक्टरांनी पुडा उलटा करून बारीक अक्षरं दाखवली: पोटॅशियम क्लोराइड. “धडधाकट किडनी हे बाहेर टाकते. हिच्या किडनीला झेपत नाही. फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं.”

अपराधी वाटलं, म्हणून वाचत सुटलो.

निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळपास दीड किलो मिठाएवढं सोडियम असतं. त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त त्या परत रक्तात घेतात. शेवटचा हिशोब अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक बघतं: सोडियम राखायचं, पोटॅशियम बाहेर काढायचं. लंडनमध्ये सिल्विया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी स्विस सहकाऱ्यांसोबत ते १९५३ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं.

सोडियमबाबत किडनी एवढी चिकट का? कारण माणसाचं जुनं जेवण म्हणजे कंद, फळं, पाला. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम नावाला. मीठ मिळवावं लागे. आमच्या सह्याद्रीच्या माथ्यावर तर ते कोकणातून बैलांच्या पाठीवर घाट चढून यायचं.

त्यावर इंग्रजांचा कर. १९२३ मध्ये तो मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये झाला. श्रीमंत असो की मजूर, मीठ दोघांनाही लागतंच. म्हणून तो गरिबाला जास्त टोचायचा. १९३० मध्ये शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. कर गेला १९४७ मध्ये.

आज मीठ सगळ्यात स्वस्त. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. वेफर्स, फरसाण, लोणचं यांत ते कधीच ओलांडलं जातं. शंभर वर्षांत बाजार बदलला. किडनी मात्र अजून टंचाईच्या काळातलाच कोड चालवतेय. आणि मी तिचा इनपुट न तपासताच बदल करून मोकळा झालो होतो.

आता आजीच्या डब्यात साधंच मीठ आहे, चमचा छोटा. “आळणी आहे,” ती कुरकुरते. “पण कडसर नाही.”