ट्रामगाडीचे घोडे कसे सुटले

रस्त्यावर रूळ टाकून त्यांवरून घोड्यांकडून गाडी ओढविण्याची प्रथा न्यूयॉर्क शहरांत १८३२ सालीं सुरू झाली. फरसबंदीच्या खडबडीत वाटेवर धापा टाकणारें जनावर गुळगुळीत रुळांवरून किती तरी अधिक उतारू नेऊं शकत असे. त्यामुळें पुढील पन्नास वर्षांत अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या शहरांनीं ही सोय उचलली.

परंतु या सोयीची खरी किंमत घोडा देत होता. दिवसांतून चार-पांच तासांहून अधिक काम त्याच्याकडून होत नसे. म्हणून एक गाडी दिवसभर चालती ठेवावयाची तर सात-आठ घोडे पदरीं बाळगावे लागत. गाडी उभी असली तरी दाणावैरण चुकत नसे. एवढें करूनही वारंवार थांबण्यानें व पुन्हा जड गाडी हलविण्यानें चार-पांच वर्षांतच घोडा त्या कामास निरुपयोगी होई. १८७२ सालच्या शरदृतूंत घोड्यांच्या सांथीनें अमेरिकेंतील शहरें पछाडलीं तेव्हां ट्रामगाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि कांहीं ठिकाणीं माणसांनीं गाड्यांस खांदा दिला. सारें शहर एका जनावराच्या प्रकृतीवर अवलंबून असल्याचें त्या वेळीं लोकांच्या ध्यानांत आलें.

घोड्यास पर्याय शोधण्याचे प्रयत्न होतच होते. सॅन फ्रॅन्सिस्को येथें १८७३ सालीं जमिनीखालून फिरणाऱ्या दोरानें गाड्या ओढल्या गेल्या. पण त्यासाठीं रस्ता खोदण्याचा खर्च अतोनात होता. बर्लिनजवळ सीमेन्सनें १८८१ सालीं विजेची ट्राम चालविली, तींत प्रवाह रुळांतूनच वाहत असे. रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांस धक्के बसत. वीज गाडींत सुरक्षितपणें कशी आणावी, आणि नाजूक यंत्र हादऱ्यांतून कसें वांचवावें, हे दोन प्रश्न शिल्लक राहिले.

ते सोडविण्याचें श्रेय मुख्यतः फ्रँक स्प्रेग याजकडे जातें. आरमारांतील नोकरी सोडून कांहीं काळ एडिसनजवळ काम केलेल्या या तरुणानें १८८७ सालीं व्हर्जिनियांतील रिचमंड शहराचा मक्ता घेतला. नव्वद दिवसांत बारा मैल मार्ग, चाळीस गाड्या व वीजगृह उभें करावयाचें, आणि काम पसंत पडल्यासच पैसे मिळावयाचे! त्यांत शहर टेंकड्यांचें, रूळ कच्च्या मातींत बसविलेले, आणि मक्ता होतांच स्प्रेग विषमज्वरानें अंथरुणास खिळला.

त्यानें योजलेली युक्ति साधी होती. यंत्राचें एक टोंक त्यानें चाकांच्या आंसावर टेंकविलें व दुसरें स्प्रिंगवर टांगलें. त्यामुळें गाडी कितीही हादरली तरी दांते एकमेकांतून सुटत नसत. टपावरील दांडी स्प्रिंगच्या जोरानें डोक्यावरच्या तारेस खालून चिकटून राही. तरीही रात्रींच्या एका चांचणींत मोठा चढ चढून गेल्यावर यंत्र बिघडलें. जमलेल्या लोकांस तें कळूं नये म्हणून स्प्रेगनें सहकाऱ्यास मोठ्यानें 'हत्यारें' आणावयास सांगितलें. गर्दी पांगल्यावर जीं हत्यारें आलीं तीं म्हणजे चार दणकट खेंचरें! विजेची गाडी त्यांनींच घरीं ओढून नेली.

अखेर २ फेब्रुवारी १८८८ रोजीं रिचमंडची ट्राम लोकांसाठीं सुरू झाली. मुदत टळली होती, खर्च ठरलेल्या रकमेच्या पार गेला होता. पण गाड्या चालल्या. बोस्टनच्या ट्रामकंपनीचे प्रमुख व्हिटनी यांस शंका होती, कीं पुष्कळ गाड्या एकदम निघाल्यास प्रवाह पुरेल काय? स्प्रेगनें एका रात्रीं बावीस गाड्या ओळीनें उभ्या केल्या व एकामागून एक चालू करावयास लावल्या. दिवे मंद झाले, पण प्रत्येक गाडी हलली. हजारों घोडे पाळणाऱ्या बोस्टननें मग विजेचा मार्ग पत्करला. १९०२ पर्यंत अमेरिकेंतील ट्राममार्गांच्या दर शंभर मैलांपैकीं सत्याण्णव मैल विजेवर चालूं लागले.

हीच लाट हिंदुस्थानांतही आली. मुंबईंत ९ मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. ७ मे १९०७ रोजीं तेथें विजेची पहिली ट्राम निघाली. पुढें ३१ मार्च १९६४ रोजीं मुंबईची ट्रामही बंद पडली. परंतु पागेंतील हजारों मुक्या जिवांच्या मानेवरून जें ओझें उतरलें, तें पुन्हा त्यांच्यावर चढलें नाहीं. रिचमंडच्या चढावर झालेल्या खटपटीचें मोल या एका गोष्टीनेंही पुरेसें कळतें.