घोडनदी, दौंड आणि एक जुनी फियाट



स्मरणिकेसाठी ‘तुझ्या छंदावर लिही, पण थोडा इतिहास येऊ दे’ असं मला सांगण्यात आलं. माझा छंद जुनी मोटार पुन्हा चालती करण्याचा. पोटापाण्यासाठी मी खराडीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी नगर रस्त्याने शिरूरला येऊन हात काळे करते. गाडी आहे १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. आपण सगळे तिला फियाटच म्हणायचो, म्हणून इथेही फियाटच म्हणते.

जुन्या गाड्यांचा हा छंद अमेरिकेत फार मोठा. तिकडे त्यांचा जीव ‘मसल कार’वर. १९६४ साली पाँटियाक कंपनीची जीटीओ आली. तिचं इंजिन जवळजवळ साडेसहा लिटरचं आणि ताकद सव्वातीनशे घोड्यांची. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली, दोन वर्षांनी डॉजची चार्जर. त्याच १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट अकराशे ‘डिलाइट’ निघू लागली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे एक लिटरहून थोडंसंच मोठं, आणि घोडे पन्नासच्या आत. घोडनदीच्या माणसांनी घोड्यांचा हिशेब कमी पडला म्हणून नाराज होऊ नये. कारण या लहानशा गाडीचा आणि त्या अमेरिकन गाड्यांचा धागा एकाच माणसाकडे जातो. तो माणूस म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद.

दौंडच्या शेजारचा तालुका इंदापूर. तिथलं वालचंदनगर आपल्याला साखर कारखान्यामुळे माहीत. वालचंदांनी कामाला सुरुवात केली रेल्वेचे ठेकेदार म्हणून. पुढे जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्हींचे कारखाने देशात असावेत असा त्यांनी ध्यास घेतला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली होती, ती वालचंदांनी उचलून धरली. ब्रिटिश सरकारने हात दिला नाही. फोर्डशी जमलं नाही, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे ज्या डॉज आणि प्लिमथ मसल कार म्हणून गाजल्या, त्यांच्या थोरल्या बहिणी कुर्ल्यात जुळत होत्या.

पण या गाड्या मोठ्या आणि पेट्रोल पिणाऱ्या. १९५१ मध्ये प्रीमियरने इटलीच्या फियाटशी लहान गाड्यांसाठी करार केला. १९५३ मध्ये वालचंद गेले. त्याच सुमारास सरकारने धोरण घेतलं, की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना यापुढे इथे जागा नाही. भाग इथेच बनवावे लागतील. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या, प्रीमियर टिकली. १९५४ पासून आली ती गोल नाकाची फियाट. आपल्या वडीलधाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं ‘डुक्कर फियाट’. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट अशी नावं बदलत गेली आणि १९७४ च्या सुमाराला ‘पद्मिनी’ हे नाव कायम झालं. आतली गाडी मात्र जवळपास तीच राहिली. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि फियाटचे दिवस फिरले. शतक बदलता बदलता पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती; तिची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली आणि काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली.

आता आमच्या गाडीकडे येते. ती माझ्या मामांची. मामा दौंडला रेल्वेत होते. जंक्शनचं गाव, मनमाडची गाडी, बारामतीची गाडी, सोलापूरची गाडी, आणि घरातल्या प्रत्येकाला फुकट पास. तरीही १९८६ साली मामांनी ही फियाट सेकंडहँड घेतली, तेव्हा मामी म्हणाली होती, “रेल्वेतल्या माणसाला मोटार कशाला?” मामा रविवारी स्वतः तिचं ग्रीसिंग करायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं सलग पुढच्या सीटवर चार-चार जण बसून सिद्धटेकला जायचो. शिरूरला आम्हाला सोडायला यायचे तेव्हा पाटस, चौफुला, न्हावरे असा रस्ता. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे गाडी अडकली की मामा हँड गिअरचा दांडा खाली ओढायचे, त्याचा ‘खट्’ आवाज अजून कानात आहे. तुमच्यातल्या काहींनी ती गाडी शाळेच्या फाटकाशी पाहिली असेल. करड्या रंगाची, मागच्या काचेवर गणपतीचं स्टिकर.

मामा २०१९ मध्ये गेले. गाडी ताडपत्रीखाली राहिली. २०२२ मध्ये घर नव्याने बांधायचं ठरलं आणि भंगारवाल्याला बोलावण्याची भाषा सुरू झाली. मामी काही बोलली नाही, पण किल्लीही देईना. तेव्हा मी म्हटलं, मी नेते. ब्रेक जाम झालेले असल्याने टोचन लावून नेणं शक्य नव्हतं; टेम्पोत चढवून गाडी शिरूरला आणली.

शिरूरला आणली, कारण फियाटचं काम हाताने येणारे एक मिस्त्री तिथे अजून आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी गाडी न बघता पहिला प्रश्न विचारला, “ताई, ही चालवायची आहे का शोकेसमधी ठिवायची आहे, एवढं आधी ठरवा. दोन्हीची कामं वेगळी.”

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नव्हता. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नवे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या खास नंबरावर नोंदवता येते. नोंदणी फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. आमची गाडी २०२४ मध्ये पन्नाशीची होणार होती. त्यात मान आहे, पण अट अशी, की अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोज वापरायची नाही. दुसरा मार्ग म्हणजे नेहमीची नोंदणी: फिटनेस दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मित्रांचा तिसराच सल्ला होता, की मारुतीचं इंजिन टाक, एसी बसव, पॉवर स्टिअरिंग लाव. अमेरिकेत अशा गाड्यांचा वेगळा पंथच आहे, जुनं कवच आणि आत सगळं नवं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. इंजिन बदलायचं तर परवानगी घेऊन आरसी बुकात नोंद करावी लागते.

मी मामीला विचारलं. ती म्हणाली, “यांनी गाडी कधी नुसती पुसून ठेवली नाही. सिद्धटेकला जाणार असेल तर मी बसेन. नाहीतर तुझं तू बघ.” तिथे निर्णय झाला. गाडी चालती ठेवायची, इंजिन तेच ठेवायचं आणि जिथे जिवाचा किंवा रस्त्यावर अडकण्याचा प्रश्न आहे तेवढंच सुधारायचं.

इंजिन उतरवलं. बोअर झिजून अंडाकृती झाले होते. लेथवर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले. हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट नव्या बसवल्या, कारण ही इंजिनं शिसंमिश्रित पेट्रोलच्या काळातली. शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं सांभाळून घ्यायचं, आणि ते पेट्रोल २००० सालीच देशभर बंद झालं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुने रबरी पाइप आणि वायसर खातं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचं सगळं रबर बदललं. गंमत बघा, ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागे मामा अडकायचे, त्याच पिकाचा अर्क आता गाडीच्या टाकीत आहे.

खालचा पत्रा दोन्ही बाजूंनी कुजला होता. डेंटरने पुट्टी भरून झाकण्याऐवजी पत्रा कापून नवा जोडला. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, म्हणजे रात्री दिवे मंद होणं थांबलं. डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. पुढे सीटबेल्ट लावले, टायर रेडियल घातले. ब्रेक ड्रमचेच ठेवले, पण सिलिंडर, नळ्या आणि लायनर सगळे नवे. दाराचं एक हँडल मिळेना. ते मिळालं भंगारात निघालेल्या मुंबईच्या एका टॅक्सीचं. बाकी सामानासाठी नाना पेठेत इतक्या फेऱ्या झाल्या की दुकानदार लांबूनच “फियाटवाल्या मॅडम आल्या” म्हणायचे. दोन वर्षं आणि साडेतीन लाख रुपये लागले. एवढ्यात बरी सेकंडहँड गाडी आली असती, हे मला घरात रोज ऐकवलं जातं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातला एक नियम मी इथे पाळला: जुन्या प्रणालीत बदल करायचा तर परत मागे जाता आलं पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून लाकडी पेटीत ठेवला आहे. उद्या कोणाला गाडी पूर्ण मूळ रूपात आणावीशी वाटली तर एका आठवड्याचं काम आहे. त्याबरोबर एक वहीही आहे. मिस्त्री काम करताना जे बोलत होते ते मी त्यात लिहीत गेले. हँड गिअरचे रॉड किती फिरवून बसवायचे, व्हॉल्व्हची टकटक ऐकून टॅपेट कसं लावायचं, पुढच्या चाकांना कुठे कुठे ग्रीस द्यायचं. यातलं बरंचसं कंपनीच्या पुस्तकात नाही. ते चाळीस-पन्नास वर्षांत हातांनी शिकलेलं आहे, आणि ते हात आता थरथरतात.

इथे आपल्या गावाचा इतिहास जोडला जातो. आपली दहावी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, फियाटची भारतातली नवी कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना आला आपल्याच तालुक्यात, रांजणगावला. पुढे टाटा त्यात भागीदार झाले. तिथलं डिझेल इंजिन कितीतरी टाटा आणि मारुती गाड्यांत गेलं. तिकडे इटलीच्या फियाटने २००९ मध्ये बुडीत निघालेल्या क्रायस्लरमध्ये हिस्सा घेतला आणि २०१४ पर्यंत ती पूर्ण विकत घेतली. क्रायस्लरची जीप २०१७ पासून रांजणगावला बनू लागली. म्हणजे वालचंदांनी ज्या दोन परदेशी कंपन्यांशी वेगवेगळे करार केले होते, त्या दोघी एक होऊन सत्तर वर्षांनी महागणपतीच्या शेजारी आल्या. आपल्यातल्या काहींच्या घरच्या जमिनी त्या एमआयडीसीत गेल्या, काहींना तिथे नोकऱ्या लागल्या. मिस्त्रींचा मुलगाही तिथल्याच एका कारखान्यात आहे. तो यंत्रमानवाच्या शेजारी उभा राहून काम करतो आणि वडिलांचं गॅरेज चालवणार नाही असं स्पष्ट सांगतो. त्याचं चूक नाही. नव्या गाडीला आधी लॅपटॉप जोडावा लागतो, हातोडी-पान्याचं काम नंतर.

पण आपल्या भागात मोटार आली आणि टिकली ती केवळ कारखान्यांमुळे नाही. कुर्ल्याहून निघालेली गाडी घोडनदीच्या पुलापलीकडे बंद पडली, तरी तिला उघडून बघणारा माणूस शिरूरला होता, दौंडला होता, चौफुल्याला होता. पद्मिनी पन्नास वर्षं चालली कारण ती या माणसांना उघडता येत होती. कारखान्यांचा इतिहास कुठे ना कुठे लिहिला जातोच. या गॅरेजांचा लिहिला जात नाही, आणि ती एकेक करून बंद होत आहेत.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गॅरेज होतं, लेथ होतं, स्पेअर पार्टचं दुकान होतं. वडिलांच्या, काकांच्या जुन्या बिलबुकांना, फोटोंना आणि हत्यारांना भंगारात घालू नका. जे वडीलधारे आहेत त्यांच्याजवळ बसून फोनवर का होईना, त्यांचं बोलणं साठवा. मी माझी वही टाइप करून ठेवली आहे. ज्याला हवी त्याने न्यावी, त्यात आपली भर घालावी.

मामी गेल्या माघी चतुर्थीला सिद्धटेकला जाऊन आली. जाताना मागे बसली, येताना पुढे. स्नेहमेळाव्याच्या दिवशी गाडी शाळेच्या मैदानात असेल. फोर-स्ट्रोक इंजिन फळ्यावर चार चौकटी काढून शिकवणाऱ्या आपल्या विज्ञानाच्या सरांना पहिली फेरी मारण्याचं आमंत्रण मी आधीच दिलं आहे. त्यांनी अट घातली आहे की गिअर ते टाकणार.