टेकरीखालचं देवास : यायची कारणं आणि राहायची कारणं

आपल्या मंडळात घराण्यांच्या नोंदी करताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मूळ गाव कुठलं?" मग मूळ गाव, कुलदैवत, कोणत्या स्वारीत आले, कोणत्या सरदाराबरोबर आले, एवढं लिहिलं की तक्ता भरला. आलेले लोक परत का गेले नाहीत, या प्रश्नाला मात्र तक्त्यात रकानाच नाही. माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीनं हा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि जास्त महत्त्वाचाही. इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर असलेल्या देवासच्या निमित्तानं तो मांडून बघतो.

इंदूरहून देवासला जाताना जमीन सपाट, काळी, मोकळी. त्या सपाटीत एकच शंकूसारखी टेकडी वर आलेली दिसते. जुन्या गॅझेटियरमध्ये तिची उंची आसपासच्या जमिनीपासून सुमारे ३०० फूट दिली आहे. सह्याद्रीत एवढ्या उंचवट्याला कोणी नावसुद्धा ठेवणार नाही. पण उंची ही शेवटी शेजाऱ्यांवर ठरते. इथे शेजारीच नाहीत, त्यामुळे ३०० फुटांचा दबदबा मोठा. गावाचं नावही देवीच्या वासावरून पडलं, अशी लोकांमधली व्युत्पत्ती आहे. इथली मराठी माणसंसुद्धा 'टेकडी' क्वचितच म्हणतात. माळव्यातला शब्द 'टेकरी', तोच त्यांच्या तोंडी बसलाय. मीही पुढे तोच वापरतो.

पहिल्या बाजीरावाच्या काळात सुप्याच्या पवार घराण्यातले तुकोजी आणि जिवाजी हे भाऊ माळव्यात आले. १७२८ पासून देवास त्यांच्याकडे. पुढे भावांच्या वाटण्या होऊन थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदू लागली, आणि १८१८ साली इंग्रजांशी तह झाला तेव्हा दोन्ही पात्यांना मान्यता मिळाली. इंग्रज लेखक ई. एम. फोर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून इथे राहिला. दरबार वेगळे, फौजा वेगळ्या, पाणीपुरवठासुद्धा वेगळा, हे बघून त्याला मोठी गंमत वाटली होती. आठवणींचं पुस्तक १९५३ मध्ये काढलं तेव्हा मात्र त्यानं नाव राजवाड्याचं दिलं नाही, राजाचंही दिलं नाही. टेकरीचं दिलं : 'द हिल ऑफ देवी'. बाहेरच्या माणसालाही गावाचा मध्य कुठे आहे ते कळलं होतं.

मी शिक्षणानं स्थापत्य अभियंता. उंचवटा दिसला की आधी उतार, पाणी आणि माऱ्याची जागा बघायची सवय. शिवाय मराठी माणसाच्या डोळ्याला डोंगर दिसला की त्यावर तट दिसू लागतो, हा आपला पिढीजात रोग आहे. देवासला तो डोळा उपयोगी पडत नाही. पवारांनी टेकरीवर गड बांधून त्यात बिऱ्हाड केलं नाही. वाडे, पेठा, वस्ती सगळी पायथ्याशी. वर फक्त देवी.

आणि त्याही दोन. कातळात कोरलेली चामुंडा, आणि दुसरी तुळजाभवानी. चामुंडा या मुलखाची. तुळजाभवानी हे नाव बालाघाटावरच्या तुळजापूरचं. आज माळव्यातले हिंदी बोलणारे भाविक त्यांना 'छोटी माता' आणि 'बडी माता' म्हणतात, बहिणी मानतात आणि एकाच फेरीत दोघींचं दर्शन घेतात. खाली राजांच्या थोरली-धाकटी अशा दोन पात्या आणि वर देवींची मोठी-धाकटी अशी जोडी! यातून सिद्धांत काढायचा मोह मी आवरतो. एवढं मात्र म्हणतो, की आपलं दैवत हाकेच्या अंतरावर आणि उंचावर दिसत असेल, तर माणूस तुळजापूरच्या वारीचा हिशेब जरा सैल करतो. बाहेरून आलेल्यांनी टेकरी बळकावली असं इथे झालं नाही. आधीच्या देवीशेजारी आपल्या देवीला जागा मिळाली, आणि त्याबरोबर माणसांनाही.

आता दुसरं उदाहरण. हे राजांचं नाही, आजारी माणसाचं आहे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. घरची भाषा कन्नड, गाण्याचं शिक्षण मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयानं गाठलं. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीअखेर हे जोडपं देवासला आलं. वय तेवीस, आणि गायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. पुढची पाच-सहा वर्षं मैफल नाही. ज्या माणसाची लहानपणापासूनची ओळखच गाणं, त्यानं गप्प पडून राहायचं.

टेकरीच्या कुशीत कुमारजी बरे झाले, असं आपल्याकडे फार सहज लिहिलं जातं. हे मला पटत नाही. ३०० फूट म्हणजे नव्वदेक मीटर. एवढं चढल्यावर हवा जेमतेम अर्ध्या अंशानं गार होते, आणि कुमारजी तर पायथ्याशी राहत होते! हवेचं जे काही श्रेय असेल ते माळव्याच्या पठाराचं. खरं श्रेय स्ट्रेप्टोमायसिनचं, कारण हे औषध त्याच वर्षांत हाती येऊ लागलं होतं. आणि त्याहून मोठं भानुमतीबाईंचं. शाळेत नोकरी करून त्यांनी घर चालवलं आणि शुश्रूषाही केली. टेकरीला हे श्रेय दिलं की त्या बाईंचं नाव पुसलं जातं, म्हणून इथे थोडा कडक होतो.

मग टेकरीनं काय दिलं? याचं उत्तर आजारपणानंतरच्या वर्षांत आहे. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी, लांब श्वास गेलेला, तरी नाव मोठं. मैफली, रेडिओ, ध्वनिमुद्रिका सगळं मुंबईत. गुरूही तिथेच. देवासला आणणारं कारण तर संपलं होतं. तरीही ते तिथेच राहिले, पुढे मातेच्या टेकरीच्या पायथ्याशी घर झालं, आणि १२ जानेवारी १९९२ ला त्यांचा शेवटही देवासलाच झाला. आजारानं आले ते पाचसहा वर्षं धरू. उरलेल्या एकोणचाळीस वर्षांचं उत्तर आजारात मिळत नाही.

अंथरुणावर असताना कानावर पडत होतं ते रस्त्यावरचं : माळवी बायकांची गाणी, दारोदार फिरणारे जोगी, नाथपंथी भजनं. शीलनाथ महाराजांची धुनी देवासातलीच. टेकरीखालचं गाव म्हणजे दर्शनाला येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव. माणसं आणि त्यांची गाणी दारावरून जाणारच. गायला बंदी होती, ऐकायला नव्हती. लोकधुनांमध्ये रागाचं बीज शोधण्याचं काम इथे सुरू झालं, आणि त्यातूनच नवे 'धुनउगम' राग आले. एका रागाचं नावच 'मालवती'. कबीराची निर्गुणी भजनं त्यांनी ज्या ढंगात मांडली, तोही याच मुलखाचा. सुळेभावीच्या कन्नड मुलाला मुंबईच्या मराठी गुरूनं घडवलं, पण त्याला स्वतःचा असा आवाज मिळाला तो माळवी टेकरीखाली. या माणसाचं मूळ गाव कोणतं लिहायचं?

घराचं नाव 'भानुकुल'. भानुमतीबाई १९६१ मध्ये गेल्या. घराच्या नावात त्या राहिल्या.

जाता जाता एक योगायोग. १९४७ मध्ये थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती शहाजी महाराज झाले, म्हणजे देवासचा राजा पन्हाळ्याच्या छायेत गेला. आणि पुढच्याच वर्षी बेळगावकडचा गवई टेकरीच्या छायेत आला. १९४८ मध्येच दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि तिथली मराठी राजवट संपली. राज्य गेलं, पण मराठी घरं पायथ्याशी राहिलीच. नोटांचा छापखाना आला, कारखाने आले, टेकरीवर जायला रोप-वे झाला. सकाळी पायऱ्या चढणारे तरीही पायऱ्याच चढतात.

तेव्हा मंडळाला माझी सूचना अशी, की नोंदीच्या तक्त्यात 'मूळ गाव' याच्या शेजारी 'परत का गेले नाही' असा एक रकाना घालावा. उत्तरं मोघम येतील, येऊ देत. आणि देवासशी संबंध असलेल्या घरांत जुनी पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, भाडेचिठ्ठ्या असतील तर त्यांवरचा पत्ता उतरवून पाठवा. थोरली पाती, धाकटी पाती की नुसतंच टेकरीखाली, जसा लिहिलाय तसाच.