बाउन्स संदेश, दिशाभूल करणारे

ई-मेल पोचला नाही हे खरे, पण का पोचला नाही हे चुकीचे किंवा अर्धवट सांगणारे मेल सर्व्हरचे संदेश. कार्यालयात नुसते ‘मेल बाउन्स झाला’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांत ‘एनडीआर’ (नॉन-डिलिव्हरी रिपोर्ट) हे नाव रूढ आहे.

मूळ : मेल पाठवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचे मानक, आरएफसी ८२१ (१९८२), यात ५५० या उत्तराचा अर्थ ‘पेटी उपलब्ध नाही’ एवढाच होता. आरएफसी २८२१ (२००१) ने त्यातच ‘धोरणामुळे नाकारले’ हाही अर्थ घातला. परिणामी खाते नसले काय नि स्पॅम फिल्टरने अडवले काय, आकडा एकच. तीन भागांचे स्थितिसंकेत (आरएफसी ३४६३, २००३) हा घोळ निस्तरतात : ५.१.१ पत्ता चुकीचा, ५.२.२ पेटी भरलेली, ५.७.१ परवानगी नाही. सोबतचे इंग्रजी वाक्य मात्र प्रत्येक सर्व्हर आपापल्या मर्जीने लिहितो, म्हणून त्यावर विसंबू नये. स्पॅमवाल्यांना खरे पत्ते हुडकता येऊ नयेत यासाठी ते मोघम ठेवावे का, याबाबत प्रशासकांत एकमत नाही.

तपास : निरोप कोणी लिहिला हे ‘रिपोर्टिंग-एमटीए’ या ओळीत सापडते. पुष्कळदा लिहिणारा आपलाच सर्व्हर निघतो आणि दोष समोरच्याला दिला जातो. मूळ व अंतिम प्राप्तकर्ता वेगळे दिसले, तर मेल बहुधा वाटेत फॉरवर्ड झालेला असतो.

एक्स्चेंजमधील प्रसिद्ध उदाहरण असे : कर्मचाऱ्याची पेटी काढून त्याच नावाने नवी केली, किंवा पेट्या दुसऱ्या व्यवस्थेत हलवल्या. बाहेरचे मेल बिनबोभाट येतात. सहकाऱ्यांचे मात्र ५.१.१ सह परततात. पत्ता तर बरोबर दिसतो! आउटलुक टंकताना जी नावे सुचवते, त्यांतील अंतर्गत नावांमागे ई-मेल पत्ता नसून ‘लेगसी एक्स्चेंज डीएन’ ही जुनी ओळख दडलेली असते. संदेशातील ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणारी लांबलचक ओळ म्हणजे तीच. तिच्यातील अधोरेषांच्या जागी तिरप्या रेघा, ‘+२०’च्या जागी मोकळी जागा घालून ती उलगडावी आणि नव्या पेटीला एक्स५०० पत्ता म्हणून जोडावी. सुचवलेले नाव पुसून यादीतून पुन्हा निवडले तरी चालते, पण ते प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर करावे लागते.

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये याचा भाऊबंद आढळतो. कार्यालयाचे मेल दुसरीकडे हलवले, पण जुन्या वेब सर्व्हरच्या ‘मायडेस्टिनेशन’ यादीत डोमेन तसेच राहिले. मग संकेतस्थळाच्या फॉर्मचे मेल तो बाहेर न पाठवता स्वतःकडेच शोधतो आणि असा वापरकर्ता नाही म्हणून परत करतो. डीएनएसमध्ये काही चुकलेले नसते.

तात्पुरते नकार : ४ ने सुरू होणारे संकेत, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्स सामान्यतः ५ दिवस.

न पाठवलेल्या मेलचे बाउन्स : पाहा ‘बॅकस्कॅटर’.

देवनागरी पत्त्यांचे बाउन्स : पाहा आरएफसी ६५३३ (२०१२).